ड्रायरशिवाय घरात कपडे वाळवणे: क्रमवार पद्धत आणि नेहमीच्या चुका

घरात वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशीही दमट लागतात आणि त्यांना कुबट वास येतो, तेव्हा दोष बहुधा साबणाला, धुलाई यंत्राला किंवा हवेला दिला जातो. प्रत्यक्षात चूक असते ती कामाच्या क्रमात. कपडा वाळतो म्हणजे त्यातील पाणी नाहीसे होत नाही, ते फक्त कपड्यातून निघून खोलीच्या हवेत जाते. ती हवा तिथेच कोंडून राहिली, तर काही वेळाने ती आणखी पाणी घेईनाशी होते आणि जे तिने घेतलेले असते तेही खिडकीच्या काचेवर, गार भिंतीवर किंवा कपाटाच्या मागच्या बाजूस साचू लागते. म्हणून दोरी किती लांब बांधावी याआधी एका प्रश्नाचे उत्तर हाती असले पाहिजे: हे पाणी घराबाहेर कोणत्या वाटेने जाणार आहे?

या पाण्याचा अंदाज सहसा फार कमी धरला जातो. कोरडे असताना ५ किलो भरणारे सुती कपडे यंत्रात चांगले पिळून निघाले, तरी त्यांत सुमारे अडीच लिटर पाणी शिल्लक असते. दुसरीकडे, २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि अडीच मीटर उंच खोलीत ३० घनमीटर हवा असते, म्हणजे ती खोली काठोकाठ भरली तरी अर्धा लिटर पाणी धरेल, आणि त्यातील निम्मी जागा बहुधा आधीच भरलेली असते. उरलेल्या पाव लिटरात अडीच लिटर बसवण्याचा प्रयत्न बंद खोलीत कपडे वाळवणारा प्रत्येक जण करत असतो.

१. खोली निवडणे

मोठ्या दिवाणखान्यापेक्षा एक्झॉस्ट पंखा असलेली किंवा खिडकी नीट उघडणारी लहान खोली बरी, कारण तिच्यातील हवा लवकर बदलता येते. त्या खोलीचे दार लावून घ्यावे, नाहीतर दमट हवा घरभर पसरते आणि घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात जाऊन बसते. झोपण्याची खोली शक्यतो टाळावी, आणि घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणारे कोणी असेल तर ती टाळायचीच, कारण सततच्या ओलीमुळे धरणारी बुरशी अशा व्यक्तींचा त्रास वाढवते.

न्हाणीघर वापरायचे असेल तर तेथील फरशी आधी पुसून कोरडी करावी. ओल्या फरशीवरील पाणीही त्याच हवेत जाणार असते आणि कपड्यांच्या वाट्याची जागा ते खाते. एक्झॉस्ट पंख्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. दाराखाली दोन बोटांची फट असावी, नसल्यास दार तेवढे किलकिले ठेवावे.

स्टँड भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर उभा करावा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला तो चिकटवणे ही बुरशीला आमंत्रण देण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

*तपासणी:* हवेतील आर्द्रता दाखवणारे साधे आर्द्रतामापक खोलीत ठेवावे आणि कपडे आणण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवावा. सुरुवातीलाच तो ७० टक्क्यांच्या वर असेल, तर पाचव्या टप्प्यात सांगितलेली हवेची व्यवस्था आधी करावी आणि मगच धुलाई यंत्र सुरू करावे.

२. पाणी यंत्रातच काढून टाकणे

संपूर्ण प्रक्रियेत वेळेची सर्वाधिक बचत या टप्प्यावर होते आणि सर्वाधिक दुर्लक्षही याच टप्प्याकडे होते. पिळण्याचा वेग मिनिटाला १४०० फेरे असेल तर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी उरते, तर ८०० फेऱ्यांना ते सुमारे ७० टक्के असते. ५ किलो कपड्यांच्या बाबतीत हा फरक एक लिटरचा होतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती उष्णता खोलीच्या हवेतून ओढली जाते. ओले कपडे टांगलेली खोली गार का वाटते, याचे कारण हेच. पिळण्याच्या जादा फेरीला लागणारी वीज यापुढे किरकोळ आहे, म्हणून धुणे संपल्यावर फक्त पिळण्याची एक फेरी पुन्हा लावावी.

ही फेरी उपयोगी पडावी यासाठी यंत्र खच्चून भरलेले नसावे. कपडे भरल्यावर त्यांच्यावर उभा तळहात सहज जाईल एवढी जागा वर राहिली पाहिजे. एकटी जड चादर किंवा एकच मोठा टॉवेल टाकण्याची चूकही तितकीच महागात पडते, कारण वजन एका बाजूला गेले की अनेक यंत्रे स्वतःहून वेग कमी करतात आणि आपल्याला ते कळतही नाही. अशा कपड्याबरोबर मध्यम वजनाचे दोन-तीन कपडे द्यावेत. चादरीने इतर कपडे पोटात गुंडाळून घेतले असतील तर ते सोडवून फेरी पुन्हा लावावी.

हाताने धुतलेले कपडे प्रथम नळावर किंवा बादलीवर निथळू द्यावेत. लोकर, रेशीम आणि व्हिस्कोस यांना पीळ देऊ नये. असा कपडा कोरड्या जाड टॉवेलवर पसरावा, टॉवेलसकट त्याची गुंडाळी करावी आणि तिच्यावर हातांनी किंवा गुडघ्याने दाब द्यावा. टॉवेल बदलून हेच दुसऱ्यांदा केले तर लोकरी स्वेटरचा वाळण्याचा वेळ लक्षणीय कमी होतो.

*सावधान:* पाणी आरपार न जाणारी जाकिटे आणि तशाच कापडाची आवरणे वेगाने पिळू नयेत. त्यांच्या घड्यांत पाणी अडकून राहते, ते एकाएकी सरकते आणि यंत्र जागेवरून हलण्याइतका हिसका बसू शकतो.

*तपासणी:* सर्वांत जाड टॉवेलचे टोक हाताने पिळावे. एक थेंब जरी पडला, तरी तो दोरीवर जाण्यास तयार नाही.

३. ताबडतोब बाहेर काढणे आणि झटकणे

पिळलेले कपडे यंत्रात तासन्तास पडून राहिले की कुबट वासाची सुरुवात तिथेच होते. हा वास बव्हंशी सूक्ष्म जिवाणूंमुळे येतो. त्यांपैकी मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जिवाणूचा या वासाशी असलेला संबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आला. धुतल्यानंतरही तो कापडात काही प्रमाणात टिकून राहतो, आणि कापड जितका वेळ ओले राहील तितकी त्याला वाढण्यास सवड मिळते. त्यामुळे यंत्र थांबल्यापासून अर्ध्या तासात कपडे बाहेर निघालेच पाहिजेत. ते जमणार नसेल तर यंत्र त्या वेळी लावूच नये. रात्री झोपताना यंत्र सुरू करून सकाळी कपडे काढण्याची पद्धत या एकाच कारणासाठी वाईट आहे.

प्रत्येक कपडा दोन टोकांना धरून तीन-चार वेळा जोराने झटकावा. झटकण्याने सुरकुत्या कमी होतात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याहून मोठा लाभ असा की चिकटलेले थर सुटतात आणि टॉवेलचे दबलेले धागे उभे राहतात. झटकतानाच कपड्यांचे जाड, मध्यम आणि पातळ असे तीन ढीग करावेत, कारण पुढील मांडणी याच क्रमाने करायची आहे.

४. मांडणी

पहिला नियम असा की दोन कपड्यांत किमान ५ सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे चार बोटे न घासता आत जावीत. जागा कमी पडते म्हणून सर्व कपडे एकदम कोंबण्यापेक्षा अर्धे धुणे दुसऱ्या दिवसावर टाकणे केव्हाही चांगले. कोंबलेले दहा कपडे मिळून जो वेळ घेतात, त्याहून कमी वेळात पाच-पाच कपडे दोनदा वाळतात, हे एकदा करून पाहिल्यावर पटते.

दुसरा नियम एकेरी थराचा. दांडीवर मधोमध घडी घालून टाकलेला टॉवेल आतल्या बाजूंनी एकमेकांना चिकटतो आणि त्याला वाळायला निम्मेच अंग मिळते. टॉवेल आखूड-लांब टाकावा, एका बाजूस एक तृतीयांश आणि दुसऱ्या बाजूस दोन तृतीयांश, म्हणजे दोन्ही पडद्यांमध्ये निदान खालच्या भागात फट राहते. जागा असेल तर तोच टॉवेल एक दांडी सोडून पुढच्या दांडीवर नेऊन तंबूसारखा ताणावा. चादरीलाही हीच रीत लागू पडते: ती दोन किंवा तीन दांड्यांवरून नागमोडी न्यावी, चौघडी करून कधीही टाकू नये.

तिसरा नियम क्रमाचा. लांब आणि आखूड कपडे आळीपाळीने लावावेत, जाड कपडे कडेला किंवा पंख्याच्या जवळ ठेवावेत आणि पातळ कपडे मध्यभागी घ्यावेत. सर्व जाड कपडे एकत्र लावल्यास त्यांच्या मधली हवा दमट होऊन तिथेच अडकते.

आता कपड्यागणिक सांगायचे तर, जीन्स उलटी करावी, खिसे बाहेर ओढावेत, सर्व बटणे आणि चेन उघडी ठेवावी आणि कमरेच्या पट्टीला तीन-चार चिमटे लावून ती नळकांड्यासारखी उघडी टांगावी, म्हणजे पायातून वर हवा खेळते. जीन्समध्ये शेवटपर्यंत ओली राहते ती कमरेची पट्टी आणि खिशांच्या शिवणी. पायाला हात लावून जीन्स वाळली असे ठरवणे ही चूक आम्ही सगळेच करतो. हुडी दांडीवर टाकली तर टोपी पाठीला चिकटून ओली राहते, म्हणून ती हँगरवर लावून टोपी वेगळ्या चिमट्याने दांडीला ताणून धरावी. शर्ट जाड खांद्यांच्या हँगरवर लावावा, बटणे उघडी ठेवावीत आणि कॉलर उभी करावी. बारीक तारेच्या हँगरने खांद्यावर उंचवटे येतात, शिवाय पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना चिकटतो. टी-शर्ट खालच्या काठाला शिवणीजवळ चिमटे लावून उलटा टांगावा. मोजा तोंडाच्या एकाच बाजूला चिमटा लावून टांगावा, म्हणजे त्याचे तोंड उघडे राहते. जोडी एकत्र चिमट्यात धरली तर दोन्ही मोजे ओले राहतात.

लोकरी विणलेले कपडे टांगू नयेत. ओल्या लोकरीचे वजन तिचा आकार ओढून बिघडवते, म्हणून ते जाळीवर आडवे पसरावेत आणि वरची बाजू कोरडी लागू लागली की उलटावेत.

५. वारा देणे आणि पाणी बाहेर घालवणे

ओल्या कपड्याला लगटून दमट हवेचा एक पातळ थर असतो. तो हलवला नाही तर खोली कितीही उबदार असली तरी वाळणे मंदावते. म्हणून उष्णतेच्या आधी वाऱ्याची सोय करावी. ५० वॅटच्या आसपास वीज घेणारा साधा टेबल पंखा या कामासाठी पुरतो. मी स्वतः बराच काळ पंखा स्टँडच्या समोर, पहिल्या कपड्याच्या छातीवर रोखून ठेवत असे, आणि पहिला कपडा खणखणीत वाळून मागचे सगळे ओले का राहतात याचे नवल करत असे. वारा कपड्यांच्या समांतर, म्हणजे त्यांच्यामधल्या फटींतून वाहिला पाहिजे. पंखा स्टँडच्या अरुंद बाजूला, सुमारे एक मीटरवर, थोडा खालून वर रोखून आणि फिरता ठेवावा. पाणी उतरून कपड्याच्या खालच्या काठाशी जमते, त्यामुळे खालचा वारा विशेष उपयोगी पडतो. पहिले तीन-चार तास पंखा सलग चालू ठेवावा.

*तपासणी:* स्टँडवरील प्रत्येक कपडा किंचित तरी हलताना दिसला पाहिजे. जो हलत नाही त्याच्यापर्यंत वारा पोहोचत नाही.

वारा पाणी कपड्यातून काढतो, पण खोलीबाहेर नेत नाही. त्यासाठी खिडकी उघडावी की लावावी, याचे उत्तर बाहेरच्या हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे यावर ठरते, आर्द्रतेच्या टक्क्यावर नाही. बाहेर ५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा ओली वाटते, पण तिच्या एका घनमीटरात फक्त ६ ग्रॅमच्या आसपास पाणी असते; तीच हवा खोलीत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे थंडीत खिडकी उघडणे लाभाचेच आहे, मात्र ती दिवसभर किलकिली ठेवून भिंती गार करण्यापेक्षा दर तासाला दहा मिनिटे पूर्ण उघडावी. याउलट २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या पावसाळी दिवशी बाहेरच्या घनमीटरभर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. त्या दिवशी उघडी खिडकी फार तर खोलीला बाहेरच्याइतके दमट ठेवील, त्याहून कोरडे कधीच नाही. अशा वेळी खिडकी लावून आर्द्रताशोषक यंत्र (हवेतील पाणी ओढून टाकीत जमा करणारे) किंवा एअर कंडिशनरचा कोरडी हवा देणारा पर्याय वापरणे हाच नीट मार्ग आहे.

आर्द्रताशोषक यंत्र वापरताना दारे-खिडक्या पूर्ण बंद असाव्यात, नाहीतर ते बाहेरची हवा वाळवत बसते. काँप्रेसरवर चालणारी यंत्रे उबदार खोलीत चांगली चालतात आणि तापमान १५ अंशांखाली गेले की मंदावतात. गार खोलीसाठी शोषक पदार्थावर चालणारे यंत्र अधिक योग्य. या यंत्राची टाकी हे एक चांगले मापही आहे: अडीच लिटरपैकी किती पाणी आले हे पाहून काम कुठवर झाले याचा अंदाज येतो.

*सावधान:* हीटरवर किंवा त्याच्या जाळीवर कपडा कधीही टाकू नये, आणि हीटर व कपडे यांत किमान एक मीटर अंतर ठेवावे. हीटर चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये किंवा झोपू नये. गॅसच्या शेगडीजवळ कपडे वाळवण्यात आगीचा धोका तर आहेच, शिवाय गॅस जळताना स्वतःच पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे ज्याला बाहेर घालवायचे तेच आत येते.

*तपासणी:* आर्द्रतामापकाचा आकडा सुरुवातीला चढेल, पण दोन तासांनंतर तो उतरणीला लागलेला असावा आणि शेवटी ६० टक्क्यांखाली यावा. तो ७० च्या वर अडून बसला असेल किंवा काचेवर थेंब जमले असतील, तर काच पुसावी आणि हवेची वाट बदलावी. नुसते थांबून काही होत नाही.

६. मध्येच उलटवणे

तीन-चार तासांनी स्टँडकडे एक फेरी मारावी. वाळलेले पातळ कपडे काढून घ्यावेत, उरलेल्यांत अंतर वाढवावे, दांडीवर टेकलेली रेषा जागा बदलेल अशा रीतीने टॉवेल आणि चादरी सरकवाव्यात, जीन्स सुलट करून पुन्हा लावाव्यात. या कामाला पाच मिनिटे लागतात, पण ते टाळले तर दांडीखालची ओली रेघ दुसऱ्या दिवसापर्यंत राहते आणि वास बहुधा तिथूनच सुरू होतो.

७. वाळला की नाही, हे ठरवणे

हाताचा अंदाज फसवा असतो. गार खोलीतील कोरडा कपडाही हाताला ओला वाटतो आणि पंख्याच्या वाऱ्यात असलेला ओला कपडा वरवर कोरडा लागतो. पंखा बंद करून दहा मिनिटांनी कपडा गालाला लावावा. पाणी उडत असताना कापड गार राहते, त्यामुळे भोवतालच्या कोरड्या वस्तूंपेक्षा तो अजून गार लागत असेल तर त्यात ओल आहे. तपासायच्या जागा म्हणजे कॉलर, काखेची शिवण, कफ, कमरेची पट्टी आणि खिशाचा तळ.

शंका राहिली तर वजन करावे. एखादा टॉवेल धुण्यापूर्वी पूर्ण कोरडा असताना स्वयंपाकघरातील काट्यावर मोजून ठेवावा. तो पुन्हा त्याच वजनावर आला की त्या स्टँडवरील इतर बहुतेक कपडेही वाळलेले असतात. वाळलेल्या सुतातही सात-आठ टक्के ओलावा नैसर्गिकपणे असतो, तेव्हा मूळ वजनाच्या खाली जाण्याची वाट पाहू नये.

काढलेले कपडे लगेच कपाटात कोंबू नयेत. इस्त्री केली असेल तर इस्त्रीची वाफ जाईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, ते मोकळे ठेवावेत. टॉवेल कडक झाला असेल तर साबण वाढवू नये, उलट कमी करावा आणि खंगाळण्याची एक फेरी जास्त द्यावी. सुताच्या तंतूंवर उरलेले अगदी थोडे पाणी त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते, म्हणून हा कडकपणा दोन हातांनी चोळून आणि झटकूनही बराच मोडतो.

बाहेर जागा असेल तर

गॅलरीत किंवा अंगणात वारा आणि हवा बदलण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून तिथे फक्त उन्हाचा विचार उरतो. रंगीत कपडे उलटे करून वाळत घालावेत. रेशीम, नायलॉन आणि इलॅस्टिक असलेले कपडे सावलीत ठेवावेत, कारण थेट उन्हाने ते लवकर कमजोर होतात. सूर्यास्तापूर्वी सर्व कपडे आत घ्यावेत. रात्री दव पडले की दिवसभराचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

वास आधीच लागला असेल तर

इस्त्री किंवा सुगंधी द्रव्य यांनी हा वास दबतो, पण कपडा अंगावर घामाने ओला होताच परत येतो. लेबलवर परवानगी असेल तर असे कपडे ६० अंशांवर पुन्हा धुवावेत. तेवढे तापमान न चालणारे रंगीत सुती कपडे ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेले ब्लीच) घातलेल्या कोमट पाण्यात पाकिटावर दिलेल्या वेळेपुरते भिजवून मग धुवावेत. लोकर आणि रेशीम यांना हे ब्लीच वापरू नये.

*सावधान:* क्लोरीन असलेले ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुऊन काढलेल्या प्रत्येक कपड्याला तोच वास येत असेल, तर कपडे बाजूला ठेवून यंत्राकडे वळावे. दाराच्या रबरी पट्टीची घडी उघडून आतील गाळ पुसावा, साबणाचा खण काढून धुवावा, रिकामे यंत्र त्याच्या सर्वाधिक तापमानावर एकदा चालवावे आणि नंतर आतला भाग कोरडा होईपर्यंत त्याचे दार उघडे ठेवावे. घरात लहान मुले असतील तर दार उघडे असताना ती यंत्राजवळ एकटी जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.